-ओ२ लावलं की उत्तर चुकतं, शिवाय सी फोरट्रानपेक्षा हळू: एलियसिंगचे पर्याय नक्की कसे वापरायचे?

रानवारा

नमस्कार मंडळी. भूजलप्रवाहाचं एक जुनं मॉडेल माझ्या वाट्याला आलंय. मूळ फोरट्रान ७७ मधलं, मग काही वर्षांपूर्वी कुणीतरी सी मध्ये उतरवलेलं. पुढचं काम सी मध्येच करायचं असं आमच्याकडे ठरलंय. पण दोन अडचणी सुटल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाहीये.

पहिली अडचण. जीसीसी कंपायलरला -ओ० ठेवलं, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, तर उत्तर बरोबर. -ओ२ लावलं की सुरुवातीची पाणीपातळी वाचल्यावर काही ठिकाणी कचरा आकडे दिसतात. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये शोध घ्यायला म्हणून प्रिंटएफ टाकलं, तर -ओ२ लाही सगळं बरोबर! एका सीनियरने मेकफाइलमध्ये -एफनो-स्ट्रिक्ट-एलियसिंग घातलं, उत्तर जागेवर आलं, आणि आता या फाइलला हात लावू नकोस असं सांगितलं.

दुसरी अडचण. त्याच मशीनवर, त्याच ग्रिडवर, जुना फोरट्रान कोड जीफोरट्रानने बांधला तर तो या सी कोडपेक्षा स्पष्टपणे वेगात धावतो. अल्गोरिदम तोच, कंपायलरचं घराणंही तेच.

वाचणारा भाग असा आहे. फाइल बिग-एंडियन आहे, म्हणजे प्रत्येक संख्येचा सगळ्यात मोठा बाइट आधी, म्हणून बाइट उलटे करावे लागतात. पातळी हा फ्लोटचा अ‍ॅरे:

युइंट३२_टी *प = (युइंट३२_टी *) पातळी;
प[आय] = उलट(प[आय]);

आणि त्याच्या लगेच खालच्या लूपमध्ये पातळी[आय] फ्लोट म्हणून वाचून डबलच्या ग्रिडमध्ये भरलंय. मुख्य लूप नेहमीचा आहे, नवे आणि जुने दोन्ही डबल:

नवे[आय] = जुने[आय] + के * (जुने[आय-१] - २ * जुने[आय] + जुने[आय+१]);

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे का? नेटवर दोन्हीकडे एलियसिंग हाच शब्द सापडतो, आणि वाचून गोंधळ वाढतोच आहे.

खडूफळा

रानवारा, प्रश्न फार नीट मांडलात. मी कंपायलर हा विषय शिकवते आणि हा गोंधळ दर वर्षी वर्गात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: दोन पॉइंटर मेमरीतल्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील का? यालाच एलियसिंग म्हणतात. उत्तर "नाही" असं ठरलं तर कंपायलरला वाचन-लेखनाचा क्रम बदलता येतो, किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवता येते, चार-चार डबल एकदम उचलता येतात. पण हे "नाही" त्याला दोन अगदी वेगळ्या वाटांनी कळतं.

एक वाट प्रकाराची, म्हणजे टाइपची. सी चं स्टँडर्ड पहिल्यापासून सांगतं की ज्या जागेत फ्लोट ठेवलाय ती जागा युइंट३२_टी म्हणून वाचायची नाही. अपवाद कॅरॅक्टर प्रकारांचा, त्यांना कुठेही डोकावता येतं. या नियमावर विसंबून कंपायलर म्हणतो: फ्लोट पॉइंटर आणि इंट पॉइंटर एकाच जागी असूच शकत नाहीत. -एफस्ट्रिक्ट-एलियसिंग म्हणजे हा तर्क चालू. जीसीसीत -ओ२, -ओ३ आणि -ओएस ला तो आपोआप चालू असतो, -ओ० ला नसतो. तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर एवढंच आहे. पहिल्या लूपने युइंट३२_टी म्हणून लिहिलं, दुसऱ्याने फ्लोट म्हणून वाचलं. कंपायलरच्या दृष्टीने या दोघांचा संबंधच नाही, तेव्हा वाचन आधी आणि लेखन नंतर झालं तरी त्याला चालतं. मध्ये प्रिंटएफ आलं की ते परकं फंक्शन मेमरीशी काय करेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो क्रम मोडत नाही आणि चूक लपते.

दुसरी वाट वचनाची, म्हणजे रिस्ट्रिक्ट: या पॉइंटरच्या जागेला दुसऱ्या वाटेने हात लावणार नाही, असं आपण कंपायलरला देतो ते वचन. त्याबद्दल वेगळं लिहिते, कारण तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर बहुधा तिथे आहे.

पहिलीचा इलाज सोपा आहे. पॉइंटर कास्ट काढा. चार बाइट मेमकॉपीने एका युइंट३२_टी चलात घ्या, उलटा, मेमकॉपीने परत फ्लोटमध्ये ठेवा. मेमकॉपी म्हणजे फंक्शन कॉल, म्हणजे हळू, ही भीती सोडून द्या. ठरलेल्या चार बाइटांची मेमकॉपी -ओ२ ला कॉल म्हणून उरतच नाही, साधी मूव्ह सूचना होते. सी मध्ये युनियनमधूनही हे करता येतं आणि जीसीसी ते मान्य करतो. सी++ मध्ये मात्र युनियनची वाट धरू नका, तिथे मेमकॉपी किंवा सी++२० पासून बिट_कास्ट.

शंकासूर

पण मग सीनियरने लावलेला फ्लॅग चुकीचा आहे का? लिनक्स कर्नलसुद्धा -एफनो-स्ट्रिक्ट-एलियसिंगनेच बांधतात ना?

खडूफळा

चुकीचा नाही. दुसऱ्याचा जुना कोड हातात आला, उद्या निकाल द्यायचा आहे, तर मीही तेच लावेन. कर्नलने तो विचारपूर्वक कायमचा लावलाय. पायथॉन २ सुद्धा त्याच फ्लॅगने बांधत असत. पायथॉन ३ मध्ये ऑब्जेक्टच्या स्ट्रक्टची रचनाच बदलून ती अडचण मुळातून काढली, पीईपी ३१२३ या पायथॉनच्या बदलप्रस्तावात ते सगळं आहे.

जीसीसीचा स्वतःचा इतिहासही बोलका आहे. १९९९ मध्ये २.९५ आवृत्तीत हा तर्क -ओ२ ला चालू केला आणि इतका कोड मोडला की २.९५.२ मध्ये तो पुन्हा बंद ठेवावा लागला. ३.० पासून परत चालू. तेव्हा अशा कोडशी गाठ पडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

एवढंच लक्षात असू द्या की या फ्लॅगने फक्त प्रकारावर आधारलेला तर्क बंद होतो. पॉइंटर कुठून आला याचा जो माग कंपायलर काढतो तो चालूच राहतो, आणि रिस्ट्रिक्टही चालू राहतं.

कृष्णाकाठ

फोरट्रानचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझी नोकरीची सगळी वर्षं हवामानाच्या मॉडेलांमध्ये गेली, त्यामुळे या भाषेवर माझा जीव आहे.

फोरट्रानच्या वेगामागे कंपायलरची हुशारी कमी आणि भाषेचा करार जास्त आहे. सबरूटीनला दिलेल्या दोन आर्ग्युमेंटांची जागा एकमेकांवर आली आणि त्यातल्या एकात लिहिलं, तर तो प्रोग्राम नियमबाह्य, हे १९६६ च्या स्टँडर्डपासून ठरलेलं आहे. जबाबदारी बोलावणाऱ्याची. सबरूटीन बांधताना कंपायलर गृहीतच धरतो की अ आणि ब वेगळे आहेत. फोरट्रान ९० मध्ये पॉइंटर आले, पण तेव्हाही ज्या चलाकडे पॉइंटर वळू शकतो त्यावर टार्गेट असं लिहायला लावलं, म्हणजे बाकीच्यांबद्दलचं गृहीतक शाबूत राहिलं. मला ही फार समंजस तडजोड वाटते.

जीफोरट्रान आणि जीसीसी यांचा मागचा भाग एकच आहे. जीफोरट्रान साध्या डमी आर्ग्युमेंटांना आतून रिस्ट्रिक्टचाच शिक्का मारून पुढे पाठवतो. रानवारा, तुमच्या सी कोडने तो शिक्का मारलेला नाही.

करार मोडणारे फोरट्रानमध्येही भरपूर. कॉल जोड(अ, अ, ब) असं लिहून अ मध्येच उत्तर ठेवायचं, हे मी कितीतरी कोडमध्ये पाहिलंय. इंटेलच्या फोरट्रान कंपायलरला त्यासाठीच -असूम डमी_एलियसेस हा पर्याय आहे: माझा कोड करार पाळत नाही, सांभाळून बांध, असं त्याला सांगणारा. जीफोरट्रानमध्ये -डब्ल्यूएलियसिंग ही सूचना आहे, -वॉल या नेहमीच्या इशाऱ्यांच्या गटात येते. पण एक आर्ग्युमेंट इंटेंट इन, दुसरं इंटेंट आउट आणि इंटरफेस उघड दिसत असेल तरच ती बोलते. ७७ च्या कोडमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे ती गप्प.

रानवारा

खडूफळा ताई, कृष्णाकाठ काका, दोघांचे मनापासून आभार. प्रकाराचा भाग आता स्वच्छ कळला.

एक तपशील मी सोपा करून लिहिला होता तो सांगते. खरा लूप दोन मितींचा आहे आणि ग्रिड डबल ** असं घेतलंय, म्हणजे ओळींच्या पॉइंटरांचा अ‍ॅरे. नवे[आय][जे] असं लिहिलेलं. याने फरक पडतो का?

खडूफळा

मोठा फरक पडतो! हे सांगितलंत ते फार बरं झालं.

आधी एक मितीचा लूप घेऊ. नवे डबल, जुने डबल. प्रकार एकच, म्हणून स्ट्रिक्ट एलियसिंग चालू असो की बंद, कंपायलरला त्यातून काही कळत नाही. वैज्ञानिक कोडमध्ये सगळीकडे डबलच डबल, तेव्हा आतल्या लूपच्या वेगाचा या फ्लॅगशी संबंध कमीच असतो.

डबल ** आलं की चित्र बदलतं. नवे[आय][जे] मध्ये लिहिणं म्हणजे मेमरीत एक डबल ठेवणं. जुने[आय] हा स्वतः मेमरीत ठेवलेला एक पॉइंटर आहे. आता कंपायलरला प्रश्न: मी आत्ता जो डबल लिहिला, त्याने जुने[आय] हा पॉइंटरच बदलला तर नाही? स्ट्रिक्ट एलियसिंग चालू असेल तर उत्तर सरळ आहे, डबलची जागा आणि पॉइंटरची जागा एक असू शकत नाही. ओळीचा पत्ता लूपच्या बाहेर एकदाच वाचला जातो. फ्लॅगने तो तर्क बंद केला की प्रत्येक लेखनानंतर ओळीचे पत्ते पुन्हा वाचायचे. असा लूप व्हेक्टराइज करणं, म्हणजे एकाच सूचनेत अनेक किंमती हाताळणं, कंपायलर बहुतेक वेळा सोडूनच देतो.

म्हणजे दोन अडचणी मुळात वेगळ्या, पण तुमच्या मेकफाइलमध्ये पहिलीवरचा तोडगा दुसरीला बाधतोय. आधी वाचणारं फंक्शन दुरुस्त करा, फ्लॅग काढा, आणि -ओ३ ला -एफऑप्ट-इन्फो-वेक-मिस्ड लावून कंपायलर काय म्हणतो ते बघा.

आकाशकंदील

प्रकाराच्या नियमाची एक उलटी बाजू आहे, ती इथे नोंदवून ठेवतो. आम्ही रेडिओ दुर्बिणीच्या आठ बिटी नमुन्यांवर काम करतो. नमुने युइंट८_टी मध्ये, आणि तो नेहमीच्या सगळ्या सिस्टिमांवर अनसाइन्ड कॅरच असतो. कॅरॅक्टर प्रकाराला कुठेही डोकावायची मुभा आहे हे वर आलंच. त्याचा अर्थ असा की अशा अ‍ॅरेमध्ये एक बाइट लिहिला की कंपायलरला वाटतं, याने काहीही बदललं असेल: स्ट्रक्टमधली एन ही संख्या, स्ट्रक्टमधला डेटाचा पॉइंटर, सगळंच.

लूपची मर्यादा स->एन अशी लिहिली असेल तर ती दर फेरीला पुन्हा वाचली जाते, आणि फेऱ्या किती हेच आधी ठरत नसल्याने व्हेक्टरायझेशन बारगळतं. स्ट्रिक्ट एलियसिंग चालू असूनही. उपाय एका ओळीचा: लूपच्या आधी एन आणि पॉइंटर स्थानिक चलांत घ्या. उपग्रहाची चित्रं, वैद्यकीय स्कॅन, आमचे नमुने, जिथे बाइटांचे अ‍ॅरे तिथे हे सगळ्यात आधी तपासावं. मी नव्या सहकाऱ्यांच्या कोडमध्ये पहिल्यांदा हेच बघतो.

घाटवाट

मी इतकं खोलात कधी गेलो नाही. आमच्याकडे जुन्या इंटेल सी कंपायलरच्या मेकफाइलमध्ये -एफनो-एलियस होतं, आणि त्याने कोड पळायचा. सगळ्या बिल्डला तसाच पर्याय लावून मोकळं व्हावं, एकेका फंक्शनला रिस्ट्रिक्ट कुठे लावत बसायचं?

कृष्णाकाठ

घाटवाट, इथे मी ठामपणे विरोध करतो.

आधी नावांतली गल्लत दूर करू, कारण दोन फ्लॅग ऐकायला सारखे आणि अर्थाने उलटे आहेत. जीसीसीचा -एफनो-स्ट्रिक्ट-एलियसिंग सांगतो: सांभाळून राहा, पॉइंटर एकमेकांवर येऊ शकतात. इंटेलचा -एफनो-एलियस सांगतो: बेधडक जा, या फाइलमध्ये कुठलेच दोन पॉइंटर एकमेकांवर येत नाहीत. एक लगाम, एक मोकळं रान. जुनी मेकफाइल नव्या कंपायलरकडे नेताना लोक यांची अदलाबदल करतात.

आणि -एफनो-एलियस लावणं म्हणजे गावातल्या प्रत्येकाच्या कर्जाला न विचारता जामीन राहणं आहे. तुम्ही स्वतःच्या फंक्शनबद्दल खात्री देऊ शकता. त्या फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वी कुणी काय लिहून गेलं, त्याची खात्री कुठून देणार?

आमच्या क्षेत्रातलंच उदाहरण घ्या. रानवारांचा लूप जॅकोबी पद्धतीचा आहे: जुन्यातून वाचायचं, नव्यात लिहायचं. आता कुणी मेमरी वाचवायला म्हणून दोन्हीकडे एकच अ‍ॅरे पाठवला. डावीकडचा शेजारी आधीच अद्ययावत झालेला मिळतो, म्हणजे नकळत गाउस-सायडेल झालं. स्थिर अवस्थेपर्यंत चालवायचं असेल तर तीही पद्धत त्याच उत्तराकडे जाते, कधी कमी फेऱ्यांत. म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही की कोडमध्ये काही वेगळं चाललंय.

आता त्यावर "एलियसिंग नाही" असं खोटं वचन द्या. एव्हीएक्स२ या प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचनांवर कंपायलर चार डबल एकदम उचलतो, चौघांचे शेजारी आधीच वाचून घेतो. चारांतल्या पहिल्याला डावीकडची नवी किंमत मिळते, उरलेल्या तिघांना जुनी. हे जॅकोबीही नाही आणि गाउस-सायडेलही नाही. एव्हीएक्स-५१२ वर आठ-आठचे गट होतील आणि मधल्या पायऱ्या आणखी निराळ्या येतील. तुम्ही काळानुसार बदलणारं उत्तर छापत असाल, तर तोच कोड दोन मशीनांवर दोन उत्तरं देईल, एकही इशारा न देता. वैज्ञानिक कामात याहून वाईट काही असू शकत नाही असं मला मनापासून वाटतं. क्रॅश झालेला प्रोग्राम परवडला.

खडूफळा

कृष्णाकाठ काकांच्या उदाहरणाला एक जोड देते. वचन दिलं नाही तर जीसीसी काय करतो? -ओ३ ला तो लूपच्या दोन प्रती करतो, एक व्हेक्टरची आणि एक साधी, आणि धावताना आधी पत्ते तपासतो. जागा वेगळ्या निघाल्या तर व्हेक्टरची वाट, एकमेकांवर आल्या तर साधी. अहवालात "संभाव्य एलियसिंगमुळे लूपच्या आवृत्त्या केल्या" अशा अर्थाची ओळ दिसते. म्हणजे तोच अ‍ॅरे दोनदा पाठवला तरी उत्तर भाषेच्या नियमाप्रमाणेच येतं. लूप लांब असेल तर या तपासणीची किंमत नगण्य. लूप आखूड आणि लाखो वेळा बोलावलेला असेल, किंवा एकाच लूपमध्ये खूप अ‍ॅरे असतील, तर मात्र ती बोचते. जोड्या फार झाल्या की कंपायलर तपासणीचा नादच सोडतो, त्याची एक मर्यादा ठरलेली आहे.

-ओ२ ची गोष्ट वेगळी. जीसीसी १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, -ओ२ लाही व्हेक्टरायझेशन चालू झालं. पण त्याचा खर्चाचा हिशेब फार काटकसरीचा आहे आणि अशी धावती तपासणी तो परवडवून घेत नाही. त्यामुळे रिस्ट्रिक्ट नसलेला लूप -ओ२ ला साधाच राहतो.

आता रिस्ट्रिक्टचं वचन नेमकं काय ते. सी९९ मध्ये ते आलं. फंक्शन चालू असेपर्यंत, या पॉइंटरमधून ज्या जागेला हात लावला ती जागा बदलणार असेल, तर तिला फक्त या पॉइंटरमधूनच, किंवा त्याच्यापासून काढलेल्या पॉइंटरमधून, हात लावीन. "बदलणार असेल तर" हे महत्त्वाचं. दोन पॉइंटरमधून नुसतं वाचायचं असेल तर ते एकमेकांवर आले तरी वचन मोडत नाही. अगदी फोरट्रानचाच करार.

लावायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे फंक्शनचे पॅरामीटर. डबल ** ला बाहेरून रिस्ट्रिक्ट लावलं तर ते ओळींच्या यादीबद्दल बोलतं, ओळींबद्दल नाही, हा सापळा लक्षात ठेवा. रानवारा, एका ओळीचं काम वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये काढा. वरची, मधली, खालची ओळ कॉन्स्ट डबल *रिस्ट्रिक्ट, आणि नवी ओळ डबल *रिस्ट्रिक्ट. कंपायलर ते फंक्शन बहुधा परत आत ओढून घेईल, तरी वचन टिकतं.

ज्यांना फंक्शन फोडायचं नाही त्यांनी एकाच लूपपुरतं सांगावं: जीसीसीचा आयव्हीडेप प्रॅग्मा ४.९ पासून आहे, ओपनएमपी ४.० मधला सिम्ड २०१३ पासून. तेही वचनच आहे, पण निदान नजरेसमोरच्या लूपपुरतं.

शंकासूर

एवढं सगळं आपण सांगायचं, तर कंपायलर स्वतः का शोधत नाही? अख्खा प्रोग्राम त्याच्यासमोर असतो की.

खडूफळा

बहुतेक वेळा नसतो, एका वेळी एकच फाइल असते. लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन लावलं तर जास्त दिसतं. पण सगळं दिसलं तरी नेमकं उत्तर काढणारा अल्गोरिदम अस्तित्वातच असू शकत नाही. लँडी यांनी १९९२ मध्ये आणि रामलिंगम यांनी १९९४ मध्ये ते सिद्ध केलंय. उरतात ते अंदाज, आणि अंदाज नेहमी सुरक्षित बाजूला झुकवावे लागतात. "असू शकेल" म्हटलं तर वेग जातो, "नाही" म्हटलं आणि असलं तर उत्तर जातं. अँडरसन यांची १९९४ ची पद्धत जास्त नेमकी आणि महाग, स्टीन्सगार्ड यांची १९९६ ची जवळजवळ रेषीय वेळेत चालणारी पण ढोबळ. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने याच विषयावर, पॉइंटर विश्लेषणावर, वर्षानुवर्षं काम केलंय, आणि जीसीसीच्या आतल्या रचनेवर तिथे कार्यशाळाही झाल्या आहेत. कुणाला या विषयात संशोधन करायचं असेल तर तिथलं काम जरूर वाचा.

भाषेतच वचनाची सोय करावी यावरही मोठा वाद झाला होता. पहिलं एएनएसआय सी स्टँडर्ड ठरत असताना नोएलियस नावाचा शब्द मसुद्यात आला होता. मार्च १९८८ मध्ये डेनिस रिची यांनी समितीला पत्र लिहून तो काढलाच पाहिजे असं बजावलं, आणि तो निघाला. सी९९ चं रिस्ट्रिक्ट म्हणजे तीच गरज, पण नेमक्या व्याख्येत बसवलेली.

आकाशकंदील

सी++ वाल्यांसाठी: स्टँडर्डमध्ये रिस्ट्रिक्ट नाही, पण जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्ट तिघांकडे अंडरस्कोर लावलेलं रूप आहे. आयगेन ही मॅट्रिक्सची सी++ लायब्ररी वापरणाऱ्यांनी बघावं, मॅट्रिक्स गुणाकारात ती लायब्ररी जागा एकच असेल असं धरून आधी तात्पुरती प्रत करते, आणि तुम्ही .नोएलियस() लिहिलं तरच थेट लिहिते. उलट अ = अ.ट्रान्सपोज() मध्ये ती असं धरत नाही आणि उत्तर बिघडतं, त्यासाठी ट्रान्सपोजइनप्लेस आहे. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीने २०१७ मध्ये, १.१३ आवृत्तीत, एकमेकांवर येणाऱ्या अ‍ॅरेंवरच्या क्रिया सुरक्षित केल्या, गरज पडेल तिथे प्रत करून. त्याआधी अ[१:] += अ[:-१] असल्या ओळीचा भरवसा नव्हता.

घाटवाट

कृष्णाकाठ काका, पटलं. जामीनकीचं वाक्य आमच्या गटात पाठवलं. पण मग रिस्ट्रिक्ट लावल्यावर वचन कुठे मोडलं का हे तपासायचं कसं?

खडूफळा

प्रकाराच्या नियमासाठी साधनं आहेत. -वॉल मध्ये -डब्ल्यूस्ट्रिक्ट-एलियसिंग तिसऱ्या पातळीवर येतं, ते खोटे इशारे कमी देतं पण बरंच सोडतं. जुना कोड तपासताना एकदा पहिल्या पातळीवर चालवा, यादी लांब येईल, पण जवळजवळ प्रत्येक संशयित कास्ट दिसेल. स्ट्रिक्ट एलियसिंग चालू असेल तरच ही सूचना बोलते. म्हणून रानवारांच्या मेकफाइलमध्ये ती आजवर गप्प होती. एलएलव्हीएम २० पासून क्लँगमध्ये -एफसॅनिटाइज=टाइप आहे, तो धावताना चुकीच्या प्रकाराने केलेलं वाचन पकडतो.

रिस्ट्रिक्टसाठी धावताना पकडणारं असं तयार साधन नाही. मी दोन गोष्टी करते. एक, डीबग बिल्डमध्ये फंक्शनच्या तोंडाशीच असर्ट, म्हणजे अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी: पत्ते युइंटपीटीआर_टी मध्ये घेऊन दोन्ही पट्टे एकमेकांत शिरत नाहीत ना. दोन, रिस्ट्रिक्टसह आणि त्याशिवाय अशा दोन बिल्डांची उत्तरं बिटबरहुकूम ताडून बघते. अशा बिंदूगणिक लूपमध्ये बेरजेचा क्रम बदलत नाही, म्हणून नुसत्या रिस्ट्रिक्टने शेवटचा बिटही हलायला नको. तुलनेपुरतं -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ ठेवा, नाहीतर गुणाकार-बेरीज एकत्र केल्याचा फरक मध्ये येतो. आणि -एफफास्ट-मॅथ असेल तर तेही काढा. मग फरक दिसला तर सरळ बोलावणाऱ्यांकडे बघायला लागा.

रानवारा

आज सगळं करून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

वाचणाऱ्या फंक्शनमध्ये मेमकॉपी घातली. फ्लॅग काढला. -ओ२ आणि -ओ३ दोन्हींना उत्तर -ओ० शी जुळतं. पहिल्या पातळीचा इशारा चालवल्यावर असाच आणखी एक कास्ट बाहेर पडला, निकाल लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये. तो कधी चुकला नव्हता, पण बदलला.

फ्लॅग होता तोवर मुख्य लूपच्या अहवालात नुसते "व्हेक्टराइज झालं नाही" असे शेरे होते. तो काढल्यावर, दुसरं काहीही न बदलता, "लूपच्या आवृत्त्या केल्या" ही ओळ आली आणि वेग तिथेच बराच वाढला. ओळीचं फंक्शन वेगळं काढून रिस्ट्रिक्ट लावल्यावर ती ओळही गेली. आता -ओ३ ला फोरट्रान आणि सी यांच्यात मला फरक सांगता येत नाही.

आणि असर्ट पेटला! मुख्य लूपमध्ये नाही. सीमेजवळच्या ओळी गुळगुळीत करणारं एक फंक्शन आहे, तेही हेच ओळीचं काम वापरतं, आणि तिथे मूळ कोडने मधली ओळ आणि नवी ओळ एकच पाठवली आहे. फोरट्रान उघडून पाहिलं, तिथेही तसंच! म्हणजे मूळ प्रोग्रामही करार मोडत होता. काका, तुमचा जोड(अ, अ, ब) अगदी डोळ्यांसमोर आला.

तिथे मी तात्पुरती ओळ घेऊन मग परत उतरवली. पण आता सीमेजवळचे आकडे जुन्या फोरट्रानपेक्षा किंचित वेगळे येतात. कुठले खरे मानायचे?

कृष्णाकाठ

शाब्बास! असर्ट लावलात म्हणून हे दिसलं.

खरे कुठले हे कोड सांगणार नाही, मॉडेलचं मूळ टिपण सांगेल. गुळगुळीत करण्याचं समीकरण कागदावर कसं लिहिलंय ते काढा. उजव्या बाजूला सगळ्या किंमती जुन्या पायरीच्या असतील तर तुमची नवी आवृत्ती बरोबर. डावीकडच्या शेजाऱ्याची नवी किंमत अभिप्रेत असेल, तर ते मुद्दाम केलेलं आहे, आणि मग तिथे रिस्ट्रिक्ट नसलेलं वेगळं फंक्शन हवं, ज्याला एकच अ‍ॅरे जातो आणि नावातच तसं लिहिलेलं असतं. जुना फोरट्रान जीफोरट्रानला -ओ० ने आणि -ओ३ ने बांधून फक्त त्या ओळींचे आकडे बघा. दोन्ही वेगळे आले, तर जुने छापील निकाल कुठल्या बिल्डचे होते हेही तुमच्या मार्गदर्शकांच्या कानावर घालायला हवं.

रानवारा

टिपण सापडलं. समीकरणात सगळ्या किंमती जुन्या पायरीच्याच आहेत. फोरट्रानच्या दोन बिल्डांची तुलना उद्या चालवते, मार्गदर्शकांना आजच कळवलंय.

शेवटची एक शंका. रिस्ट्रिक्ट फक्त .सी फाइलमधल्या व्याख्येत लिहू की हेडरमध्येही? कंपायलरने दोन्ही प्रकारे तक्रार केली नाही.

खडूफळा

करणार नाही, कारण पॅरामीटरवरचं ते विशेषण फंक्शनचा प्रकार ठरवताना धरत नाहीत. फंक्शन बांधताना उपयोग होतो तो व्याख्येतल्या रिस्ट्रिक्टचा.

तरी हेडरमध्ये जरूर लिहा. बोलावणाऱ्याला नुसता हेडर दिसतो, आणि स्ट्रिंगच्या हेडरमध्ये मेमकॉपीच्या पॅरामीटरांवर ते लिहिलेलं असतं ते यासाठीच. शिवाय जीसीसी ७ पासून -डब्ल्यूरिस्ट्रिक्ट ही सूचना आहे, -वॉल मध्येच येते. रिस्ट्रिक्टच्या दोन जागी तोच पॉइंटर सरळ दिला तर ती बोलावण्याच्या ओळीवरच इशारा देते. दोन वेगळ्या नावांनी आलेला एकच पत्ता तिला कळेलच असं नाही, तिथे तुमचा असर्ट राहू द्या. पण तुमच्या सीमेच्या फंक्शनमध्ये मधली आणि नवी ओळ एकाच नावाने गेली होती ना? मग हेडरमध्ये रिस्ट्रिक्ट लिहून जुनी प्रत एकदा बांधून बघा, इशारा येतो का ते इथे कळवा.

रानवारा

आला, ताई. नेमक्या त्याच ओळीवर.